विमान उतरेपर्यंत केर काढू नये

समस्त चिखलोलीकर, अंबरनाथकर आणि बदलापूरकर बंधुभगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या घरची केरसुणी काल रात्रीपासून अटकेत आहे. तिला सासूबाईंच्या लोखंडी कपाटात उभी करून बाहेरून कुलूप लावण्यात आले असून, किल्ली सासूबाईंच्या कमरेला आहे. आमची मुलगी अमेरिकेत सुखरूप उतरल्याची खबर येईपर्यंत तिची सुटका होणार नाही. जामिनाचा अर्ज फेटाळण्यात आला आहे.

हे निवेदन मी त्या सकाळी हॉलच्या मधोमध उभी राहून, लाटणं माइकसारखं तोंडापुढे धरून, माझ्या मुलाला ऐकवलं. एरवी माझ्या असल्या सोंगांना तो हसतो. त्या दिवशी हसला नाही. संध्याकाळी पाच वाजता उल्हासनगरहून त्याला आवडलेल्या मुलीचे आईवडील आमचं घर बघायला येणार होते, आणि घर, खरं सांगायचं तर, बघण्यासारखं नव्हतं.

मुलगा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. त्याला आवडलेली मुलगी तिथेच अकाउंट्समध्ये. घर सिंधी, वडिलांचं रेडिमेड कपड्यांचं दुकान. वडील केव्हाच राजी झाले होते. अडलं होतं ते तिच्या आईपाशी. मुलगा त्यांना ‘मम्मी’ म्हणायचा, म्हणून मीही इथे मम्मीच म्हणते. मम्मींचा ना जातीला विरोध होता ना पगाराला. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “पहले घर देखूंगी.” आणि त्यांच्या स्वच्छतेच्या कथा मुलाने मला आठवडाभर भुताच्या गोष्टींसारख्या सांगितल्या होत्या. त्या फ्रिजच्या वरून बोट फिरवतात. दरवाजामागे बघतात. एका स्थळाला त्यांनी फक्त बाथरूमच्या बादलीवरून नाही म्हटलं होतं.

“आई, मम्मी म्हणतात, फर्शीवरून घर कळतं,” मुलगा म्हणाला.

आम्ही दोघांनी खाली फरशीकडे पाहिलं.

आदल्या संध्याकाळी मुलीला निरोप द्यायला शेजारचा अर्धा बुवापाडा आणि सासूबाईंचं बदलापूरजवळचं अख्खं माहेर आमच्या दोन खोल्यांच्या घरात उतरलं होतं. बॅगा हॉलमध्येच भरल्या. एकदा भरल्या, वजनकाट्याला लटकवल्या, जड झाल्या म्हणून उपसल्या, पुन्हा भरल्या. त्या गडबडीत पातळ पोह्यांच्या चिवड्याची एक पिशवी मधोमध फुटली. मग ओवाळणं झालं. अक्षता उडाल्या, झेंडूच्या पाकळ्या पडल्या, कुंकू सांडलं. पोरांनी वेफर्स खाल्ले आणि खाण्यापेक्षा जास्त सांडले. नारळाच्या शेंड्या, सुतळीचे तुकडे, चिकटपट्टीचे गोळे, आणि या सगळ्यावरून चाळीसेक पावलं फिरलेली. मुलगी विमानतळाकडे निघाली, उंबरठा ओलांडला, आणि सासूबाईंनी त्याच क्षणी केरसुणी उचलून आत नेली.

पद्धत अशी, की घरातलं माणूस गावाला निघालं की लगेच केर काढायचा नाही. बऱ्याच घरांत तासाभराने चालतं. आमच्या सासूबाईंकडे सूट नाही. माणूस पोचल्याचं कळायला हवं, मगच केरसुणी. मधे झाडलं तर त्या माणसाची वाट झाडली जाते, असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलं आणि त्यांनी मला. सासरे एकदा सुरतेला गेले ते दोन दिवस उशिरा परतले. ते गाडीत झोपून पुढे निघून गेले होते, हे त्यांनी स्वतः हसत सांगितलं. पण सासूबाईंच्या मते दोष माझ्या नणंदेचा होता, कारण तिने त्या दुपारी ओटीवरचा पालापाचोळा झाडला होता.

त्यामुळे आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये नाही, केरात मोजलं जातं. कर्जत म्हणजे चिमूटभर धूळ. नाशिक म्हणजे अर्धी सुपली. अमेरिका म्हणजे किती, हे तोवर कुणी मोजलं नव्हतं.

आता पाहुण्यांना त्याच दिवशी बोलावण्याचं शहाणपण कुणाचं? माझं. मी मुलीचं तिकीट बघितलं होतं. मुंबईहून सुटणार रात्री दोन वाजता. सॅन फ्रान्सिस्कोला पोचणार सहा वाजता, तारीख तीच. मी मनात म्हटलं, छान, सहाला पोचली की साडेसहाला झाडू, सातला फरशी, आणि दुपारी थोडी झोपसुद्धा. हा प्रवास सोळा-साडेसोळा तासांचा आहे, हे मला ठाऊक होतं. सगळ्या शेजारणींना मीच कौतुकाने सांगत होते. तिकडचं घड्याळ आपल्या मागे असतं, हेही मला ठाऊक होतं. पण या दोन माहित्या माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी राहत असूनही त्यांची कधी ओळख झाली नव्हती.

ती सात वाजता झाली. फोन वाजेना म्हणून मी नवऱ्याला हलवून उठवलं. ते पहाटे विमानतळावरून परतून जेमतेम झोपले होते.

“अहो, पोरगी पोचल्याचा फोन नाही.”

“कुठून करेल? अजून चीनवर असेल ती.”

“सहाला पोचणार होती ना?”

“तिकडच्या सहाला.” त्यांनी कूस बदलली. “आपल्या संध्याकाळच्या साडेसहाला.”

मी पलंगाच्या कडेवर बसले आणि बोटं मोजली. पाहुणे पाचला. विमान साडेसहाला. केरसुणी विमानानंतर. मग मी हॉलमध्ये गेले, लाटणं घेतलं आणि वरचं निवेदन केलं. रडण्यापेक्षा ते बरं वाटलं.

मुलगा मात्र सरळ आजीकडे गेला. सासूबाई त्यांच्या पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“आजी, मम्मी येणार आहेत. थोडं समजून घे ना.”

“येऊ देत की. मी कुठं नाय म्हणते?”

“घर असं?”

“तुझी बहीण वर हाय, आभाळात. खाली काय आधार नाय तिला. नि तू तिची वाट झाडायला निघालास, बायकोसाठी?”

“बायको अजून झाली कुठे!”

“मग कशाला घाई करतोस?”

मग त्याने मित्राकडून व्हॅक्यूम क्लीनर आणायची परवानगी मागितली. ती केरसुणी नव्हे, यंत्र आहे, असं त्याचं म्हणणं. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, “त्याच्या पोटात जातं ते काय असतं रं?” व्हॅक्यूम क्लीनरचाही निकाल लागला.

ओल्या फडक्याचं मी विचारलं. “केर काढल्याबिगर फडकं फिरवतात व्हय? चिखल करशील.” तेही खरंच होतं. शेवटी मी म्हटलं, “मी नुसत्या पाकळ्या उचलते, हाताने. फुलं आहेत ती, देवाची.” त्यांनी बराच विचार केला. “उचल. पण ढीग नको करू.”

तेव्हा मी दुपारपर्यंत एकेक पाकळी उचलून तिचा ढीग होणार नाही अशा बेताने वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन ठेवत होते. चिवड्याला मात्र देवाचं म्हणता येईना.

बारा वाजता नवरा उठले आणि त्यांनी मोबाइलवर नकाशा उघडून सासूबाईंच्या हातात दिला. नकाशावर पिवळं चिमुकलं विमान होतं. आमची पोरगी त्यात बसली आहे, म्हटल्यावर सासूबाईंनी चष्मा लावला. मग त्यांचा चेहरा बदलला.

“हे कुठं निघालंय?”

“अमेरिकेला.”

“अमेरिका त्या अंगाला ना? मावळतीकडं? तूच दाखवलीस मागं. हे तर उगवतीकडं चाललंय.”

“आई, पृथ्वी गोल आहे. पूर्वेकडून गेलं तरी अमेरिकाच येते.”

“चिखलोलीतून बदलापूरला जायला कल्याणवरनं जातो का कोण?”

नवऱ्याने निरोपाचा उरलेला नारळ आणला आणि त्यावर बोट फिरवून मुंबई, जपान, महासागर, अमेरिका असं सगळं दाखवलं. एकूण साडेतेरा हजार किलोमीटर म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, त्यांच्या माहेरापासून अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत महाशिवरात्रीला त्या चालत जायच्या, तसं किती वेळा? नवऱ्याने हिशेब सुरू केला आणि अर्ध्यात सोडला. “आई, चार-पाच वर्षं रोज गेली असतीस ना, तितकं.” सासूबाई त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. “नि ही एका बैठकीत चालली,” म्हणाल्या. फोन मात्र त्यांनी परत दिला नाही. जेवायला बसल्या तरी तो ताटाशेजारी होता.

साडेचार वाजता आम्ही शेवटचा उपाय केला. मी कपाटावरून मोठी सतरंजी काढली आणि सगळ्या निरोपावर अंथरली. पाकळ्या, अक्षता, सुतळी, चिवडा, सगळं खाली गेलं. वर लाल-निळे पट्टे दिसायला लागले. मुलाचा चेहरा उजळला. त्याने आनंदात सतरंजीवर एक पाऊल टाकलं.

कुर्रर्र.

त्याने दुसरं टाकलं. कुर्रर्र.

“हळू चाल,” मी म्हटलं.

“मी हळू चालेन. त्यांना काय सांगू, हळू चाला?”

नवऱ्याने पंखा पाचवर केला, आवाज झाकायला. सतरंजीच्या कडेने राहिलेल्या पाकळ्या उठल्या आणि घरभर हिंडायला लागल्या. पंखा बंद केला. नेमकी त्याच वेळी बेल वाजली.

मम्मी पांढऱ्याशुभ्र सलवार-कमीजमध्ये होत्या. शुभ्र! त्यांनी दारातच चपला काढल्या, नीट जोडीने भिंतीला लावल्या आणि दरवाजामागे नजर टाकली. मागून वडील, हातात मिठाईचा डबा. मुलाने मला आठवडाभर शिकवलं होतं की सिंधी घरात पाहुण्यापुढे आधी पाणी आणि पापड ठेवतात. म्हणून मी पाणी आणि भाजलेले पापड घेऊन तयार होते, आणि मम्मी अनवाणी पायांनी सतरंजीवरून माझ्याकडे येत होत्या.

कुर्रर्र. कुर्रर्र. कुर्रर्र.

त्या थांबल्या. खाली बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी असं हसले जणू आमच्याकडच्या सतरंज्या बोलतातच.

“बसा ना, मॅडम,” मी म्हटलं.

“हां, मॅडम,” त्या म्हणाल्या आणि सोफ्याच्या कडेवर बसल्या. पाय सतरंजीवर. पापडाला हात लावला नाही. वडिलांनी मात्र लगेच घेतला, आणि त्यांचा पापड मोडून आमच्या केरात भर घालू लागला.

पाच मिनिटं आम्ही गरमीबद्दल बोललो. मम्मींची नजर टीव्हीच्या मागच्या वायरींवर, खिडकीच्या कडेवर, मग सतरंजीच्या उंचवट्यांवर फिरत होती. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, तोंडाचं पाणी पळालेलं. मी सावरायला म्हणून एक मोठा, रंगीत खुलासा तयार करत होते. सोसायटीत रंगकाम, मजुरांचा गोंधळ वगैरे. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या, हातात फोन. त्यांनी पाहुण्यांना नमस्कार केला नाही, काही नाही.

“विमान थांबलंय,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याने फोन घेतला. नकाशावर खाली-वर सगळं निळं, नुसता समुद्र, आणि मधोमध पिवळं विमान जागच्या जागी. त्यांनी स्क्रीन खाली ओढला, वर ओढला. विमान हललं नाही. मग ते नाहीसंच झालं.

“मी काय म्हणत होते?” सासूबाई माझ्याकडे वळल्या. “तू पाकळ्या उचलल्यास ना सकाळी. त्यानंच.”

हे ऐकून माझीही बोबडी वळली, आता काय लपवू. मुलगी लहान होती तेव्हा जत्रेत एकदा काही मिनिटं हरवली होती, तोच दिवस डोळ्यांपुढे आला. समोर पाहुणे बसले आहेत, याचं भान कुणालाच राहिलं नाही. नवरा फोन उलटापालटा करत होते. सासूबाई सतरंजीवरच बसल्या, मोठा कुर्रर्र आवाज झाला, आणि त्या लहान मुलासारख्या म्हणाल्या, “मी केर नाय काढू दिला. मी नाय काढू दिला कुणाला. तरी असं का?”

मम्मींनी माझ्या नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

“कौन है इसमें?” त्यांनी मुलाला विचारलं.

“माझी बहीण. काल रात्री निघाली. साडेसहाला उतरणार. आणि आजी म्हणते ती पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, म्हणून…” त्याने सतरंजीकडे हात केला. “म्हणून हे असं आहे, मम्मी. सॉरी.”

मम्मींनी सतरंजीची कड उचलून खाली बघितलं. चिवडा, अक्षता, कुंकू, सुतळी, वेफर. मी डोळे मिटले. बादलीवरून नाही म्हणणारी बाई ही.

डोळे उघडले तर त्या सासूबाईंच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसत होत्या. तो शुभ्र सलवार-कमीज घालून.

“अम्मा, घबराना नहीं. समुंदर के ऊपर ऐसाच होतं,” त्या अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत म्हणाल्या. “सिग्नल नाही मिळत. माझा भाऊ हाँगकाँगला जातो ना, माल आणायला. हर बार गायब होतो. फिर किनारा आया की दिसतो.”

“खरंच दिसतो?”

“मेरी कसम. मी पण झाडू नाही मारत, वो निकलता है तब. मेरी मां भी नहीं मारती थी.” मग आवाज बारीक करून म्हणाल्या, “पण मी फक्त शाम तक. तुम्ही तो बहुत स्ट्रिक्ट हो, अम्मा.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं इतक्या वर्षांत माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. म्हणाल्या, “सांगा जरा हिला.”

मी चहा टाकायला निघाले. मम्मींनी हात वर केला. “नहीं मॅडम. लडकी पहुंचने दो. फिर चाय.”

आणि मग आमच्या हॉलमध्ये एक वेगळाच प्रकार सुरू झाला. मुलाला काही विचारण्यासाठी आलेली माणसं त्याला काहीच विचारत नव्हती. सगळे त्या फोनभोवती. मिठाईचा डबा बंद, पापड गार, आणि मधे निळा समुद्र. वडिलांनी सोफ्यावरून वाकून विचारलं, “स्पीड कितना रहता है इसका?” नवऱ्याने सांगितलं. दोघे पुरुष मग विमानाचा वेग, वारा, इंधन यांवर बोलायला लागले, जणू दोघेही आयुष्यभर विमानंच चालवत आले होते. सासूबाई आणि मम्मी दोघी एका फोनवर डोकी जुळवून बसल्या होत्या. मम्मी मधूनच अवघडून पाय बदलत होत्या, पण उठत नव्हत्या.

सहाच्या सुमारास स्क्रीनच्या उजव्या कडेला जमीन दिसायला लागली, आणि तिच्या जवळ पिवळं विमान. मम्मींनी सासूबाईंच्या मांडीवर चापट मारली. “दिखा? बोला था ना?” सासूबाईंनी दोन बोटं स्क्रीनला लावली आणि कपाळाला लावली. मला हसूही आलं आणि रडूही. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही थोडं थोडं करून आले.

त्यानंतरचा अर्धा तास मी तुम्हाला सांगणार नाही. कारण त्यात काहीच झालं नाही. एक ठिपका किनाऱ्याकडे सरकला आणि सहा माणसं त्याच्याकडे बघत राहिली. मुलगा भिंतीवरून हळूहळू घसरत शेवटी तोही सतरंजीवर बसला. कुर्रर्र. आता त्या आवाजाकडे कुणी लक्षही देत नव्हतं.

साडेसहा होऊन गेले. फोन वाजला. मुलीचा आवाज, मागे इंग्रजीत कसलीतरी घोषणा, तो झोपाळू, चिडका, ओळखीचा आवाज.

“आई, उतरले. अगं, चिवड्याची एक पिशवी कमी आहे, कुठे गेली?”

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “पोरी, आलीस? बरी हायस? जेवलीस?” एवढं विचारून त्यांनी फोन छातीशी धरला आणि डोळे मिटले. नवरा दुसरीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. अंगभर असं हलकं वाटत होतं, की पुन्हा एकदा लाटणं घेऊन भाषण करावं.



मग मम्मींनी दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलून मांडीवर घेतला, तळव्याला रुतलेला शेंगदाणा उपटून काढला आणि थेट माझ्याकडे बघून ओरडल्या, “अहो विहीणबाई, आता तरी झाडू काढा ना! दीड घंटे से तुमचा चिवडा टोचतोय मला!”